प्रिम्युलाला नुसती पानंच, कळी का धरत नाही? (सोलापूर) – मदत हवी आहे

जुळे_सोलापूरकर: नमस्कार मंडळी, प्रिम्युला आहे, गेल्या हिवाळ्यात फुलावर असलेली कुंडी आणली, पिवळी फुलं, एकदम भरगच्च. उन्हाळा काढला, झाड जगलंय, पानं मस्त हिरवीगार, पण आता जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आली तरी एक कळी नाही ओ. खत घातलंय, पाणी पण देतो. काय कमी पडलालंय? लवकर सांगा, सीझन चाललाय.

निशा_बाल्कनी: कुठलं प्रिम्युला दादा? शेकडो जाती आहेत. पान कसं, फुलाचा दांडा लांब होता की आखूड, खत कुठलं, कुंडी कुठं ठेवलीय?

जुळे_सोलापूरकर: नर्सरीवाल्यानं प्रिम्युला एवढंच सांगितलं की ओ. पान लांबट, सुरकुतलेलं, मातीला टेकून गोल पसरतं. फूल पानांतच, दांडा अगदी आखूड. खत युरिया.

बांधावरचा: युरिया आधी बंद करा, नायट्रोजननं पालाच माजतो. जीवामृत द्या, माझी शेवंती त्याच्यावर लै फुलते.

निशा_बाल्कनी: युरिया बंद करा हे बरोबर. पण भाऊ, शेवंतीचं गणित वेगळंय, दिवस लहान झाला की ती कळी धरते. दादांचं वर्णन वल्गॅरिस ह्या प्रिम्युलाच्या जातीचं वाटतंय, ते मूळचं युरोपातलं, त्याला कळी धरायला थंडी लागते, साधारण दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आणि तेही काही आठवडे. नर्सरीत येतं ते बहुतेक थंड भागात कळ्या धरूनच आलेलं असतं म्हणून पहिल्या वर्षी फुलतं. खत कुठलंही घाला, थंडीची भर त्यानं निघणार नाही.

बांधावरचा: माती जिवंत असली की सगळं फुलतं ताई, करून बघा एकदा.

साठीतली_मावशी: माझ्या सुनेला कुणीतरी प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल सांगितल्यात, ते ह्याच झाडाचं का?

निशा_बाल्कनी: नाही मावशी, ते इव्हिनिंग प्रिमरोज, ओएनोथेरा, त्याचं कूळच वेगळं. कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

टेरेसवाला: सोपं आहे, कुंडी फ्रीजमध्ये ठेवा. ट्यूलिपचे कंद ठेवतात की लोक.

निशा_बाल्कनी: कंद झोपलेला असतो, त्याला पान नसतं. ह्याला उजेड पाहिजे. शिवाय फ्रीजमधल्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं कळ्या गळतात.

टेरेसवाला: मी रात्रीचंच म्हणतोय, रात्री बाहेर तरी कुठं उजेड असतो?

अक्कलकोट_रोड: ते सोडा बे. दादा, मे महिन्यात जगवलं कसं ते सांगा आधी, माझी सगळी वाळून गेली.

जुळे_सोलापूरकर: उत्तरेच्या व्हरांड्यात, कूलरच्या झोताजवळ. ऊन अजिबात नाही.

अक्कलकोट_रोड: आणि आता?

जुळे_सोलापूरकर: तिथंच की. काचा लावून बंद केलाय व्हरांडा, वारं लागत नाही.

निशा_बाल्कनी: हेच हवं होतं! बंद काचेत रात्री पण ऊब राहते, थंडी मिळणार कुठनं? आजच गच्चीवर न्या. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. साध्या मातीच्या कुंडीत लावा, ती कुंडी मोठ्या टबात ओल्या वाळूवर ठेवा आणि भोवतीनं पण वाळू भरा. आपली हिवाळ्यातली हवा कोरडी, पाणी उडतं आणि मुळाशी बाहेरच्यापेक्षा गार राहतं. तरी आपल्याकडं पारा बहुतेक रात्री चौदा-पंधराच्या खाली जात नाही, त्यामुळं चार फुलं आली तरी पुष्कळ. पण निरोगी झाड टाकून देऊ नका, एवढा उन्हाळा काढलाय त्यानं.

पुढच्या वर्षी प्रिम्युलाचीच दुसरी जात, मालाकॉइड्स लावा. ते हंगामी, एका दांड्यावर फुलांचे मजले येतात. बी बारीक, त्यावर माती टाकू नका, उजेडातच उगवतं. ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात पण आपल्या उकाड्यात उगवण कमी, त्यापेक्षा नोव्हेंबरात रोपंच आणा. ऑब्कोनिका ही तिसरी जात मिळाली तर हातमोजे घालून हाताळा, त्यातल्या प्रिमिन नावाच्या द्रव्यानं काहींच्या अंगावर पुरळ येतं.

टेरेसवाला: आणि बी घरचं धरायचं असलं तर वल्गॅरिसची किमान दोन झाडं लागतात, एकाच्या फुलात पुंकेसर वर, दुसऱ्याच्या खाली, म्हणून एकाचे पराग दुसऱ्याला लागतात. डार्विननं १८६२ मध्ये यावर लेख लिहिलाय.

बांधावरचा: फूलच नाही तर बी कशाचं?

जुळे_सोलापूरकर: ताई, गच्चीवर नेली. वाळू बांधकामाची चालेल का?

निशा_बाल्कनी: चालेल, धुऊन घ्या, सिमेंट मिसळलेली नको.

अक्कलकोट_रोड: मालाकॉइड्सची रोपं सोलापुरात कुणाकडं बघितलीत का? हैदराबादहून मागवली तर वाटेत जगतील का?