व्यक्तिशिल्पासाठी चेहऱ्याचं शरीरशास्त्र: किती शिकायचं, कुठून सुरू करायचं?

मातीवेडा
शाडूत खऱ्या मापाचं डोकं घडवतो आहे. मॉडेल साठी ओलांडलेले गृहस्थ, दाढीमिशी नाही. समोरून ओळख पटते. पण थोडं बाजूला सरकलं की चेहरा मुखवट्यासारखा सपाट पडतो आणि डोळे वरून चिकटवलेले वाटतात. स्नायू नावांसकट पाठ आहेत, माती लावताना मात्र त्यांचा उपयोग होत नाही. नेमकं किती शरीरशास्त्र लागतं, आणि कोणत्या क्रमानं?

ओळंबा
आधी कवटी, स्नायू नंतर. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू अतिशय पातळ असतात. ते हालचाल घडवतात, आकार फारसा देत नाहीत. मातीत दिसण्याइतकी जाडी दोनच जागी असते: कानशिलावर आणि जबड्याच्या कोनावर. हे दोन्ही चावण्याचे स्नायू. मॉडेलला दात आवळायला सांगा, बोटांना लगेच लागतील. बाकी आकार हाडांचा आणि चरबीचा.

वैद्यकीय विद्यार्थी वापरतात तशी प्लास्टिकची कवटी विकत मिळते, ती आणा. ती मातीत खऱ्या मापात घडवा, मग एका बाजूवर पूर्ण चेहरा चढवा आणि दुसरी बाजू उघडी ठेवा. कपाळावर आणि नाकाच्या मुळाशी माती जेमतेम ४ ते ६ मिमी चढते, गालाच्या मध्यावर १५-२० मिमी किंवा त्याहून जास्त. हा फरक हाताला कळल्याशिवाय स्नायूंच्या चित्रांत रमू नका. फ्रेंच शिल्पकार ऊदाँनं १७६७ मध्ये केलेल्या सोललेल्या माणसाच्या शिल्पाच्या प्लास्टर प्रती कलाशाळांमधून अभ्यासासाठी वापरल्या गेल्या; ती पायरी यानंतरची.

आता सपाटपणाबद्दल. सपाट डोक्यात बहुधा खोलीची मापं घेतलेलीच नसतात. कॅलिपरचं (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या साधनाचं) एक टोक कानाच्या छिद्राशी ठेवून नाकाचं मूळ, नाकाखालचा कोन आणि हनुवटी, अशी तीन मापं दोन्ही बाजूंनी घ्या, तोंड मिटलेलं असताना. मग गालाच्या हाडांची आणि जबड्याच्या कोनांची रुंदी. त्या त्या जागी मातीत काडेपेटीतली काडी खुपसा, टोक नेमकं मापावर, आणि तिथपर्यंतच माती भरा. डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येते. कपाळ कमी पडणं ही हमखास दिसणारी चूक आहे. बाजूनं पाहिलं तर कान मध्याच्या मागे, किंचित मागे कललेला.

नंतर स्टुलावर चढून डोकं वरून पाहा. दोन्ही भुवयांची मिळून कमान दिसली पाहिजे, सरळ पट्टी नव्हे. फ्रेंच शिल्पकार रोदँ बाह्यरेषा धरून काम करायचा: मॉडेल आणि शिल्प सारख्याच कोनात फिरवायचं, त्या कोनातली कड जुळवायची, पुन्हा फिरवायचं. सपाटपणावर याहून चांगला उपाय नाही. अलिबागजवळ सासवण्याला करमरकर शिल्पालयात गेलात तर तिथले अर्धपुतळे असेच भोवती फिरून पाहा. गाल कानाकडे कसा वळवलाय ते समोरून कळत नाही.

खोबण
डोळ्यांबद्दल मी लिहितो. बुबुळासकट नेत्रगोल साधारण २४ मिमी व्यासाचा. तेवढी गोळी करा, आधी खोबण खोल कोरा आणि मग ती आत बसवा. खोबणीची बाहेरची कड बुबुळाच्या पुढच्या टोकापेक्षा साधारण १५ ते १८ मिमी मागे असते. तुमची ती कड पुढे राहिली असणार, म्हणून डोळे चिकटवलेले दिसतात.

पापणी रेघ ओढून दाखवायची नाही. साधारण ३ मिमी जाडीची मातीची पट्टी गोळीवर गुंडाळा. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू मध्यापेक्षा नाकाकडे, खालचीचा सर्वांत खोल बिंदू बाहेरच्या बाजूला. दोन्ही मध्यावर आले तर डोळा बदामी आणि निर्जीव होतो. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालचीवर चढते. बाजूनं पाहताना वरची पुढे, खालची मागे. आतल्या कोपऱ्यात पापण्या गोळीला सोडून नाकाकडे जातात, तिथे गोलाई ठेवू नका.

बुबुळ आणि बाहुली अगदी शेवटी कोरा. बुबुळाची वरची कड पापणीखाली दडलेली हवी. पूर्ण वर्तुळ दिसलं की माणूस दचकल्यासारखा वाटतो.

दंतपंक्ती
मॉडेल साठीपुढचे आहेत म्हणून तोंडाकडे जास्त लक्ष द्या. ओठ सपाट भिंतीवर नसतात, दातांच्या कमानीवर असतात. आधी ती कमान भरा, ओठ नंतर. तोंडाचे कोपरे ओठांच्या मध्यापेक्षा बरेच मागे जातात, आणि कोपऱ्याच्या बाहेर सेंटीमीटरभर अंतरावर अनेक स्नायू एकत्र येतात तिथे छोटा उंचवटा असतो. तो गाळला तर तोंड कापून ठेवल्यासारखं दिसतं.

दात पडले की त्यांना धरणारं हाड झिजतं, ओठ आत जातात आणि नाक-हनुवटीतलं अंतर कमी होतं. मॉडेल कवळी वापरतात का ते विचारा. वापरत असतील तर प्रत्येक बैठकीला ती लावलेली असावी, नाहीतर आजची मापं कालच्यांशी जुळणार नाहीत.

नाकपुडीपासून तोंडाकडे उतरणारी घडी कोरणीनं ओढू नका. ती गालाच्या चरबीची कड आहे. गाल भरा, वरचा ओठ मागे ठेवा, घडी आपोआप पडते. कोरलेली घडी जखमेच्या व्रणासारखी दिसते.

मातीवेडा
मनापासून आभार. मापं घेतली. कान ते नाकाखालचा कोन हे अंतर दोन्ही बाजूंना १२ मिमी कमी भरलं. डोळ्यांच्या बाहेरची बाजू मागे कोरायला गेलो तर कानशिलात आर्मेचरचा, म्हणजे मातीला आतून धरणाऱ्या सांगाड्याचा, पाइप लागतो.

ओळंबा
मग कोरू नका. अंतर कमी आहे म्हणजे चेहऱ्याचा मधला भाग मागे राहिलाय. कपाळाच्या मध्यापासून नाक, ओठ, हनुवटीपर्यंत पुढे माती चढवा, सगळीकडे काड्या लावून. कडा आपोआप मागे गेलेल्या दिसतील. अंतर जास्त भरलं असतं तरच कोरायचं. नाक आणि ओठ आता चांगले जमले असतील तरी ते झाकले जाणार, त्याला इलाज नाही. जुना पृष्ठभाग सुकला असेल तर ओरखडे पाडा, पाणी लावा आणि ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. सुक्या शाडूवर ओला थर लावला तर तो आकसताना सुटतो, नाकापाशी सर्वांत आधी.