इव्हँजेलिकल म्हणजे सगळे एकच का? बेळगाव भागातल्या मंडळींनी बोलावं

कॅम्पवाली:
दुसऱ्या एका ग्रुपवर वाचलं, ‘इव्हँजेलिकल म्हणजे पैसे देऊन बाटवणारे, अमेरिकेचे दलाल.’ फार लागलं. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातलं. बेळगावात लंडन मिशन ही मिशनरी संस्था 1820 मध्ये आली, पुढे ते काम मेथडिस्टांनी घेतलं. या पंथाचं मूळच इव्हँजेलिकल. 1738 मध्ये लंडनला आमच्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचं मन पालटलं, तिथपासूनचं. बायबलचा शब्द अखेरचा, भिस्त येशूच्या वधस्तंभावर, माणसाचं मन पालटणं आणि विश्वास कामातून दाखवणं, या इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांच्या चार खुणा इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989 मध्ये मांडल्या. त्यात पैसा कुठे आला?

निपाणीकर:
ताई, पुस्तकातलं राहू दे ओ. आमच्या गल्लीत पत्र्याच्या शेडात दर रविवारी सभा भरते. तिथलं ऐकून शेजारच्या मावशींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या डबीत तशाच, उशाशी प्रार्थनेचं तेल आणि पायाची जखम चिघळलेली! मिरजेला दवाखाना उभा करणारे वानलेस डॉक्टरही मिशनरीच होते की. मग हे कुठलं मिशन?

खानापूरकर:
दादा, मी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्यावर आणि प्रार्थनेने बरं होण्यावर भर देणाऱ्या पंथातला. गोळ्या सोडा म्हणणारा पाळक चुकतोच. पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. आमचे पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि आमेन झाल्या झाल्या विचारतात, ‘डॉक्टरकडे कधी जाताय?’ आणि त्या ग्रुपवाल्यांना सांगा, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या ते 1905 मध्ये. अमेरिकेत पेंटेकॉस्टल चळवळ जिथून पसरली ती लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची सभा 1906 ची. मग आम्ही अमेरिकेचे दलाल कसे?

शहापूरवाला:
माझी हरकत वेगळीच. भाऊ सभेला जायला लागल्यापासून सौंदत्तीच्या यल्लम्माला येत नाही. आईच्या हातचा नैवेद्यही नको म्हणतो. मन पालटलं म्हणजे घराशी फारकत घ्यायची का?

कॅम्पवाली:
नैवेद्यावर आमच्यातही एकमत नाही. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही अभंग लिहीत राहिले; मला तोच रस्ता जवळचा. पण भावाने स्वखुशीने निवडलं असेल तर आईने रागवावं, पोलिसांनी मध्ये पडू नये. डिसेंबर 2021 मध्ये इथेच, बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनात, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. तेव्हापासून आमच्यातले काही जण घरच्या प्रार्थनेलाही बिचकतात.

शहापूरवाला:
पोलीस मलाही नकोत. पण तो ताट बाजूला सारतो त्या दिवशी आई जेवत नाही. कायदा असो नसो, हे तुमच्या पाळकांनी सभेत उघड बोललं पाहिजे.