जुन्या मोबाइलवर हाताने चित्रे काढून ॲनिमेशन : टॅब घ्यावा की आहे त्यावरच भागवावे?

खिडकीतली

नमस्कार. माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड मोबाइल आहे आणि त्यावर आठ सेकंदांचे एक ॲनिमेशन करण्याचा माझा प्रयत्न सध्या अडखळत चालला आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. चित्रकलेचे माझे शिक्षण तेवढेच. विषय अगदी घरगुती आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलवर रोज सकाळी एक कावळा येतो, सासूबाईंनी ठेवलेल्या पोळीच्या तुकड्याकडे मान वाकडी करून बराच वेळ पाहतो, दोन उड्या मारून जवळ येतो आणि तुकडा उचलून समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर जाऊन बसतो.

पहिली अडचण अशी की माझा कावळा उडी मारत नाही, नुसता सरकतो. मधल्या फ्रेम वाढवून पाहिल्या, तर तो आणखी संथपणे सरकू लागला. दुसरे म्हणजे फ्रेमची संख्या वाढत गेली की मोबाइल अडकतो आणि ॲप आपोआप बंद पडते. बोटाने चोच काढू लागले की चोचच बोटाखाली झाकली जाते. शिवाय कावळ्याच्या पिसांवर मी बारीक निळ्या रेघा मोठ्या हौसेने काढल्या होत्या, त्या व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर मातकट दिसतात. घरच्यांचे म्हणणे आहे की हप्त्यांवर चांगला टॅब घेऊन टाक. डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात बसायला जागा मिळाली तर तो वेळही मला या कामासाठी वापरायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

इनबिटवीनर

टॅबचा विषय तूर्त बाजूला ठेवून आधी कावळ्याकडे पाहू, कारण हा कावळा महागड्या टॅबवरही सरकणारच आहे. गोरेगावच्या स्टुडिओत माझी बरीच वर्षे गेली आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या उडीत मला हाच दोष दिसत आला : चित्रे एकमेकांपासून समान अंतरावर काढलेली असतात. पक्षी पाय सोडतो तेव्हा झपाट्याने वर जातो, उडीच्या माथ्यावर क्षणभर रेंगाळतो आणि उतरताना पुन्हा वेग घेतो. त्यामुळे माथ्याजवळची चित्रे दाटीने आणि चढ-उतारावरची चित्रे विरळ यायला हवीत. अंतरे सारखीच ठेवून फ्रेम वाढवल्या तर वेग तेवढा कमी होतो, अंगात वजन काही येत नाही.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो, परंतु हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १२ चित्रे पुरतात. तुम्ही ॲपमध्ये थेट १२ एफपीएस (म्हणजे सेकंदाला १२ फ्रेम) ठेवा. आठ सेकंदांच्या ९६ फ्रेम झाल्या तरी ९६ चित्रे काढायची नाहीत, कारण तुमच्या कावळ्याचा अर्धा वेळ नुसता पाहण्यात जातो. त्या काळात एकच चित्र होल्डवर ठेवा आणि मध्येच एका फ्रेमपुरती डोळ्यावर पांढुरकी पडदी येऊ द्या. पक्ष्यांना पापण्यांच्या आत ही आणखी एक पडदी असते आणि कावळ्याच्या काळ्या डोळ्यावर ती लख्खकन दिसते. सेकंदाच्या बाराव्या भागापुरता हा बदल झाला, तरी स्थिर चित्र जिवंत वाटते.

आता उडी. १२ एफपीएसवर ती पाच-सहा चित्रांत बसवा. पहिल्यात कावळा दबतो, छाती पायांवर टेकल्यासारखी. दुसऱ्यात अंग ताणून चोच पुढे निघते, पण पंजे अजून सळईवरच असतात. तिसऱ्या-चौथ्यात तो माथ्यावर, दोन्ही चित्रे जवळजवळ एकमेकांवर. पाचव्यात पंजे पुढे येऊन सळई पकडतात आणि अंग पुन्हा दबते. सहाव्यात शेपटी थोडी उशिराने खाली येते. दबताना अंग रुंद करा आणि ताणताना बारीक करा, म्हणजे आकारमान तेवढेच राहील. हे सगळे आधी पिसे-डोळे काही न काढता दोन गोळे आणि एक त्रिकोण एवढ्यावरच करून पाहा. गोळ्यांची उडी पटली नाही, तर पिसे काढून ती पटणार नाही. आधीच्या फ्रेमची पुसट छाया दाखवणारे ओनियन स्किन चालू ठेवा. मात्र एक मागची आणि एक पुढची एवढीच छाया असू द्या, नाहीतर काळ्या कावळ्याच्या जागी नुसता धुराळा दिसतो.

आपल्या घरकावळ्याची मान करडी असते, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. ती करडी पट्टी सपाट रंगाने नीट भरलीत, तर एवढ्याशा पडद्यावरही डोके आणि धड वेगळे कळेल आणि निळ्या रेघांची फारशी गरजच उरणार नाही.

बाइट्सवाला

ॲप बंद पडण्यामागचा हिशेब सरळ आहे. १०८० × १९२० पिक्सेलचे एक चित्र दाबून लहान न करता उलगडून ठेवायचे, तर दर पिक्सेलला चार बाइट या दराने एका लेयरला (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाला) सुमारे ८.३ एमबी जागा लागते. तीन लेयर आणि शंभर फ्रेम धरल्या तर आकडा अडीच जीबीच्या घरात जातो. ॲप हे सगळे एकाच वेळी स्मृतीत ठेवत नसले, तरी चार जीबीच्या मोबाइलमध्ये यंत्रणा आणि बाकीची ॲप्स वगळता उरते ते फार नसते. कॅनव्हास ७२० × १२८० करा. हीच जागा ३.७ एमबीवर येते आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक सहसा जाणवत नाही. ग्रिल, भिंत आणि समोरची इमारत हे सर्व एका स्थिर पार्श्वचित्रात असू द्या. ते प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा काढू नका.

रंग मातकट होण्याचे कारणही सांगतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करते आणि अशा व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवली जाते, पण रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच साठवली जाते. त्यामुळे काळ्यावर काढलेली एक-दोन पिक्सेलची निळी रेघ शेजारच्या काळ्यात विरघळते. रेघांऐवजी निळ्या रंगाचे रुंद ठिगळ द्या, किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. जीआयएफ हा उपाय वाटतो, परंतु त्यात एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, आवाज नसतो आणि फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांतच मांडता येतो. १२ एफपीएसला दर फ्रेमला ८.३३ भाग हवेत, तिथे ८ धरले जातात आणि तुमचे आठ सेकंद ७.६८ सेकंदांत आटोपतात. एमपी४ बरे.

ॲपबद्दल थोडक्यात : फ्लिपाक्लिप मोबाइलवर सुटसुटीत आहे, फुकट आवृत्तीत कोपऱ्यावर त्यांचा शिक्का येतो. रफॲनिमेटर विकत घ्यावे लागते, पण टायमिंगचे काम त्यात नेमके होते. क्रिता पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, मात्र अँड्रॉइडवर ते मोठ्या पडद्यासाठी बेतलेले असल्याने तुमच्या मोबाइलवर बटणे टिपताना जीव मेटाकुटीला येईल. कोणतेही ॲप वापरा, पण काढून टाकण्यापूर्वी प्रकल्पाची प्रत बाहेर घ्या. ॲपबरोबर आतली चित्रेही जातात.

फळा-खडू

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक असून नातवंडांमुळे या वाटेला आलो. चोच झाकली जाते यावर उपाय लेखणीचा आहे, पण लॅमिंग्टन रोडवर जी दिसेल ती लेखणी उचलू नका. रबरी टोकाची लेखणी म्हणजे जवळपास बोटच. पडद्याला स्पर्श कळण्यासाठी तिचे टोक जाड ठेवावेच लागते. पारदर्शक चकती लावलेली त्यापेक्षा बरी, कारण चकतीतून खालची रेघ दिसते. बॅटरीवर चालणारी बारीक टोकाची लेखणी कोणत्याही मोबाइलवर चालते असे सांगतात आणि ती चालतेही, परंतु तिरकी रेघ सावकाश ओढली की साध्या पडद्यावर ती नागमोडी येते. अशी रेघ एका झटक्यात ओढण्याची सवय लावावी. यांपैकी कोणत्याही लेखणीचा दाब साध्या मोबाइलच्या पडद्याला कळत नाही. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक हवी असेल तर पडद्याखाली त्यासाठीचा वेगळा थर असलेले उपकरणच लागते. सॅमसंगच्या एस पेनचे तसेच आहे, त्यामुळे ते पेन दुसऱ्या मोबाइलवर उमटत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी. पडद्यावर पाण्याचा थेंब किंवा घाम आला की त्यालाही तो स्पर्श समजतो आणि कॅनव्हास भलतीकडे सरकतो. करंगळी आणि तळहाताची कड झाकणारा, बाकीची बोटे मोकळी ठेवणारा सुती हातमोजा घरीच शिवता येतो.

टॅब जरूर घ्यावा, पण आता नाही, असे माझे मत आहे. १९१३ च्या आपल्या पहिल्या कथापटाआधी दादासाहेब फाळके यांनी भांडवल मिळवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती. कॅमेरा हलवायचा नाही आणि हलणारी वस्तू एकच, एवढी मर्यादा त्यांनी पाळली होती. तुमचा कावळाही तसाच बेतलेला आहे. त्याला मोठ्या पडद्याची निकड नाही.

दोनपडदे

शिक्षकांशी मी अंशतः असहमत आहे. दाब कळणारी लेखणी हाती आली की काढण्याचा आनंदच बदलतो आणि आनंद ही काही दुय्यम बाब नव्हे. तरीही लहान पडद्याच्या बाजूने एक दाखला देतो. निन्टेंडोने डीएसआय हे हातात मावणारे खेळयंत्र २००८ मध्ये जपानात आणले आणि त्यावर फ्लिपनोट स्टुडिओ नावाचे मोफत साधन दिले. पडदा २५६ × १९२ पिक्सेलचा, शाई काळी, तांबडी किंवा निळी, लेयर दोन, पाने ९९९ पर्यंत. मावसभावाने परदेशातून आणलेल्या त्या यंत्रावर मी शाळेच्या सुट्ट्या घालवल्या. जगभरातल्या मुलांनी त्यावर केलेली कामे पाहिली की लक्षात येते की त्यांनी रंगछटांचा मोह सोडून हालचालीवरच जोर दिला होता. कारण दुसरे काही करायला तिथे वावच नव्हता. तुम्ही स्वतःवर दोन लेयर आणि चार रंग असे बंधन घालून पाहा. मोबाइलही अडकणार नाही.

खिडकीतली

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्यांची उडी करून पाहिली आणि मी काही न सांगताच सासूबाईंनी "कावळा आहे का?" असे विचारले, म्हणजे काहीतरी जमले असावे. दोन शंका उरल्या आहेत. रंग भरल्यावर काळ्या बाह्यरेषेच्या आतून एक पांढरी कड उरते, ती कशी घालवावी? आणि तुकडा घेऊन उडतानाचे पंख मला नजरेने पकडताच येत नाहीत. गाडीत यातले कोणते काम करता येईल, हेही कळले तर बरे होईल.

इनबिटवीनर

पांढरी कड उरते, कारण रेघेच्या काठावरचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात आणि रंगाची बादली (बंद जागा एका टिचकीत भरणारे साधन) त्यांच्या अलीकडेच थांबते. रंग वेगळ्या लेयरवर, रेघेच्या खाली ठेवा आणि तो रेघेच्या मध्यापर्यंत जाऊ द्या. कड आपोआप झाकली जाईल. काही ॲपमध्ये भरलेला रंग एक-दोन पिक्सेल बाहेर वाढवण्याची सोय असते, ती असेल तर जरूर वापरा. मात्र बाह्यरेषा कुठे तुटलेली असेल तर रंग सगळ्या पडद्यावर सांडतो, म्हणून रेघा जोडल्याची खात्री आधी करा.

हे रंग भरण्याचे कामच गाडीसाठी योग्य आहे, कारण त्यात नुसती टिचकी मारायची असते आणि ठाणे स्थानकात धक्का बसला तरी बिघडत नाही. रेघ घरी, टेबलाशी बसून ओढावी. गर्दीत मोबाइल बाहेर काढणे शक्य नसेल तर कोणत्या पोझला किती फ्रेम द्यायच्या, हे मनात मोजावे. कावळ्याची नजर दोन सेकंद की तीन, हा निर्णय मोबाइलशिवायच चांगला होतो.

पंखांसाठी कावळ्याचे चित्रण करून घ्या, पण साध्या ३० एफपीएसवर नको. तुमचे काम १२ वर आहे आणि ३० मधून १२ निवडायच्या तर दर अडीच फ्रेमला एक उचलावी लागते, जे जमणारे नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ६० एफपीएस असेल तर दर पाचवी फ्रेम आणि १२० चे स्लो मोशन असेल तर दर दहावी फ्रेम थांबवून पाहा. तीच तुमची पोझ. खाली येणारा पंख पूर्ण पसरलेला आणि टोकाची पिसे वर वाकलेली दिसतील, वर जाणारा पंख मनगटातून मुडपलेला दिसेल. खाली जाताना पंख हवेला दाबतो, म्हणून त्याच चित्रांत धड किंचित वर उचला आणि पंख वर जाताना ते खाली येऊ द्या. तीन किंवा चार चित्रांचे एक आवर्तन तयार झाले की तेच पुन्हा पुन्हा लावून कावळ्याला पडद्याबाहेर काढता येईल. पत्र्यावर बसल्याचे चित्र पार्श्वभूमीत लहानसे काढले तरी चालेल, त्याला पंख हलवायचे नाहीत.