विनिपेग जेट्सचा इतिहास नेमका कोणता धरायचा?

विनिपेगकर

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहतो. लहानपण साताऱ्यात गेल्यामुळे बर्फावरच्या हॉकीशी माझा काडीचाही संबंध नव्हता. पण इथल्या उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात अख्खे शहर जेट्सच्या सामन्यांभोवती गोळा होते, हे पहिल्याच वर्षी लक्षात आले आणि बघता बघता मीही त्यात ओढला गेलो. ४ मे २०२५ रोजी सेंट लुईस ब्लूजविरुद्धच्या सातव्या सामन्यात, घड्याळात जेमतेम दोन-तीन सेकंद उरलेले असताना कोल पर्फेटीने बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा सत्रात कर्णधार अ‍ॅडम लाउरीने विजयी गोल केला, त्या रात्री मी पांढरा सदरा घालून प्रेक्षागारात होतो. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "एकोणऐंशीनंतर आत्ता कुठे असे वाटते आहे."

माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला. दुकानात डेल हॉवरचक आणि टीमू सेलाने या जुन्या खेळाडूंच्या नावांच्या जर्सी आजही विकल्या जातात आणि जुनी मंडळी तीन विजेतेपदांच्या आठवणी सांगतात. मात्र नॅशनल हॉकी लीगच्या अधिकृत नोंदी उघडल्या की या संघाचा जन्म १९९९ सालचा आणि तोही अटलांटातला दिसतो. मग आजच्या जेट्सचा इतिहास कोणता म्हणायचा? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावे.

पोर्टेज रस्ता

विनिपेगकर, आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देणे या शहरावर अन्याय करण्यासारखे होईल. मी १९८३ साली इथे आलो, त्यामुळे त्याआधीचे जे सांगतो ते वाचलेले आणि ऐकलेले आहे, त्यानंतरचे बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

१९७२ साली नॅशनल हॉकी लीगला आव्हान देण्यासाठी वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग उभी राहिली आणि विनिपेगचे उद्योजक बेन हॅट्सकिन यांनी तिच्यात जेट्स हा संघ उतरवला. नव्या लीगकडे कोणी गांभीर्याने पाहावे म्हणून एक मोठे नाव हवे होते. ते मिळाले शिकागोच्या बॉबी हल यांच्या रूपाने. २७ जून १९७२ रोजी पोर्टेज आणि मेन या विनिपेगच्या मुख्य चौकात भर गर्दीत त्यांना दहा लाख डॉलरचा भलामोठा धनादेश देण्यात आला. ही रक्कम एकट्या विनिपेगची नव्हती, लीगमधल्या इतर संघांनीही तिला हातभार लावला होता. एका खेळाडूसाठी प्रतिस्पर्धी संघांनी वर्गणी काढावी, यावरून ती लीग किती हिमतीने आणि किती तुटपुंज्या बळावर उभी होती ते कळते.

पण जेट्सचे खरे मोठेपण त्या धनादेशात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आहे १९७४ मध्ये स्वीडनहून आणलेल्या अँडर्स हेडबर्ग, उल्फ निल्सन आणि लार्स-एरिक शोबर्ग यांच्यात. उत्तर अमेरिकेतली हॉकी तेव्हा धसमुसळी होती आणि युरोपीय खेळाडू मार सहन करणार नाहीत अशी सर्रास समजूत होती. हल, हेडबर्ग आणि निल्सन यांच्या आघाडीने वेग, जागांची अदलाबदल आणि सतत फिरता पक (खेळाची रबरी चकती) यांच्या जोरावर ती समजूत मोडून काढली. १९७६, १९७८ आणि १९७९ असा तीनदा त्या लीगचा अ‍ॅव्हको चषक जेट्सने जिंकला आणि जानेवारी १९७८ मध्ये तर सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय चमूला ५-३ असे हरवले. आपल्या शेजारच्या आजोबांचे "एकोणऐंशी" ते हेच.

१९७९ च्या उन्हाळ्यात ती लीग बंद पडली आणि एडमंटन, क्वेबेक, हार्टफर्ड व विनिपेग हे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये आले. मात्र प्रवेशाच्या अटी जाचक होत्या. ज्या खेळाडूंवर नॅशनल हॉकी लीगमधल्या संघांचा आधीपासून हक्क होता ते परत मागून घेण्याची मुभा त्या संघांना मिळाली, त्यामुळे विजेता संघ अक्षरशः मोडला गेला. १९८०-८१ च्या हंगामात ८० सामन्यांत अवघे ९ विजय मिळाले आणि सलग ३० सामने एकही विजय नव्हता. त्या दारुण हंगामाचे एकच फळ पदरात पडले: नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघाला मिळणारा पहिला क्रमांक मिळाला आणि डेल हॉवरचक विनिपेगला आला. पहिल्याच वर्षी त्याने गोल आणि गोलसाहाय्य मिळून १०३ गुण मिळवले आणि गुणतक्त्यातली संघाची गुणसंख्या ३२ वरून ८० वर गेली.

मी आलो तेव्हा हॉवरचक ऐन भरात होता. जुन्या अरीनाच्या एका टोकाला छताजवळ राणी एलिझाबेथचे प्रचंड चित्र टांगलेले असे. वरच्या स्वस्त बाकांवर बसले की राणीचा चेहरा जवळ आणि खेळाडू दूर दिसत. बर्फावर पात्यांचा खरवडल्यासारखा आवाज येई आणि हॉवरचक अचानक वळला की तो आवाज क्षणभर थांबे. पक त्याच्या काठीवर असताना आजूबाजूची माणसे बोलणे थांबवत, हे मला आजही आठवते.

दुर्दैव असे की आमच्याच गटात वेन ग्रेट्स्कीचा एडमंटन ऑइलर्स होता. १९८३ ते १९९० या काळात बाद फेरीत सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा आम्ही हरलो. त्यांपैकी पाच वर्षी ऑइलर्सनी स्टॅनली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपदच, जिंकले. १९८५ चा संघ माझ्या मते सर्वांत चांगला होता, पण कॅल्गरीविरुद्ध हॉवरचकच्या बरगड्यांना दुखापत झाली आणि ऑइलर्ससमोर तो उतरूच शकला नाही. १९९० मध्ये तर आम्ही ३-१ अशी आघाडी घेऊन मालिका गमावली. आपण घातलेला पांढरा सदराही त्याच काळातला: कॅल्गरीचे प्रेक्षक लाल कपडे घालून येत, त्याला उत्तर म्हणून १९८७ मध्ये विनिपेगने पांढरे कपडे घातले.

पुढे १९९२-९३ मध्ये फिनलंडच्या टीमू सेलानेने पदार्पणाच्या हंगामात ७६ गोल केले. नवोदिताचा तो विक्रम आजही अबाधित आहे. माइक बॉसीचा ५३ गोलांचा विक्रम त्याने मोडला, तेव्हा हातमोजा हवेत भिरकावला आणि काठी बंदुकीसारखी रोखून त्यावर नेम धरला. शहराने तेवढा आनंद पाहिला आणि तीनच वर्षांत संघ गेला.

नोंदवही

संघ गेला त्यामागचे अर्थकारण मी थोडक्यात मांडतो, कारण त्याशिवाय परत येण्याचा भाग कळत नाही.

तिकिटांचे पैसे कॅनडाच्या डॉलरमध्ये येत आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या सत्तर-पंचाहत्तर सेंटांवर आला होता, पगारांना कसलीही कमाल मर्यादा नव्हती आणि १९५५ मध्ये बांधलेल्या अरीनात श्रीमंत कंपन्यांना विकता येतील अशा खास कक्षांची सोय अपुरी होती. १९९५ च्या मे महिन्यात "जेट्स वाचवा" म्हणून लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनी आपल्या पैशांच्या डब्या फोडल्या, पण गणित जुळले नाही. त्याच वर्षी क्वेबेकचा संघ डेन्व्हरला गेला. जेट्सचा अखेरचा सामना २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध झाला, तो ४-१ असा गमावला आणि संघ फिनिक्सला जाऊन कायोटीज झाला.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडू वादात रद्द झाला आणि त्यातून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. २०११ पर्यंत कॅनडाचा डॉलरही अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला होता. दरम्यान मार्क चिपमन यांनी १९९६ पासून मॅनिटोबा मूस हा दुय्यम लीगचा संघ शहरात टिकवून धरला होता आणि २००४ मध्ये शहराच्या मध्यभागी नवे प्रेक्षागारही उभे राहिले होते. माझ्या मते विनिपेगच्या पुनरागमनाचे खरे श्रेय या पंधरा वर्षांच्या चिकाटीला द्यावे लागेल. ३१ मे २०११ रोजी अटलांटा थ्रॅशर्स हा संघ विकत घेऊन विनिपेगला आणण्याची घोषणा झाली आणि हंगामाची तेरा हजार तिकिटे काही दिवसांत संपली; सर्वसामान्यांसाठीची विक्री तर सतरा मिनिटांत आटोपली.

आता नोंदींचा मुद्दा. लीगच्या हिशेबात विक्रम शहराला चिकटत नाहीत, फ्रँचायझीला चिकटतात. म्हणून हॉवरचक आणि सेलाने यांचे गोल फिनिक्सला गेले आणि विनिपेगच्या नोंदवहीत कित्येक वर्षे सर्वाधिक ३२८ गोल इल्या कोवलचुकच्या नावावर राहिले, जो विनिपेगच्या जर्सीत एकही सामना खेळला नाही. २०२४ मध्ये कायोटीजचे खेळाडू युटाहला गेले, पण युटाहचा संघ लीगने नवा मानला, त्यामुळे जुन्या जेट्सच्या नोंदी आज खेळत असलेल्या कोणत्याही संघाकडे नाहीत.

आपल्या वाचकांना हे आयपीएलवरून पटकन कळेल. डेक्कन चार्जर्सचे २००९ चे विजेतेपद सनरायझर्स हैदराबादच्या खात्यात धरले जात नाही आणि पुणे वॉरियर्स व रायझिंग पुणे सुपरजायंट यांची आकडेवारीही कोणी एकत्र करत नाही. दुसरा मार्गही आहे. बास्केटबॉलमध्ये शार्लट शहराला २०१४ साली हॉर्नेट्स हे जुने नाव आणि १९८८ ते २००२ चा इतिहास लीगच्या संमतीने परत मिळाला. विनिपेगच्या बाबतीत फक्त नाव परत आले. माझे मत असे की शार्लटचा मार्ग अधिक न्याय्य आहे आणि विनिपेगलाही तो मिळायला हवा.

अटलांटातून

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी २००१ पासून अटलांटात आहे आणि थ्रॅशर्सचे बरेच सामने मी माझ्या मुलासह पाहिले. थ्रॅशर हा जॉर्जियाचा राज्यपक्षी, त्यावरून संघाचे नाव. अकरा हंगामांत बाद फेरी एकदाच गाठली, २००७ मध्ये, आणि तीही न्यूयॉर्क रेंजर्सकडून ०-४ अशी गेली. मालकांची आपसांतली भांडणे वर्षानुवर्षे चालली आणि संघाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. लोक नेहमी म्हणतात की अटलांटाला हॉकीची गोडी नव्हती. ज्या संघाची निगाच राखली नाही, त्याच्या प्रेक्षकांना दोष देणे मला पटत नाही. १९८० मध्ये फ्लेम्स कॅल्गरीला गेले, २०११ मध्ये थ्रॅशर्स विनिपेगला. एकाच शहराने दोन संघ गमावले आणि दोन्ही कॅनडाला दिले.

जुन्या जेट्सच्या नोंदी विनिपेगला जोडल्या, तर थ्रॅशर्सच्या नोंदींचे काय करायचे? २००३ च्या सप्टेंबरमध्ये डॅनी हीटली चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्याचा संघसोबती डॅन स्नायडर काही दिवसांनी मरण पावला. स्नायडरच्या आईवडिलांनी हीटलीला क्षमा केली, हे आम्ही त्या काळी रोज वर्तमानपत्रांत वाचत होतो. मुलाने मला तेव्हा विचारले होते की आता स्नायडरच्या जागी कोण खेळणार, आणि मला उत्तर देता आले नव्हते. विनिपेगच्या संघाने डॅन स्नायडरच्या नावाचा वार्षिक पुरस्कार आजही चालू ठेवला आहे, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. अकरा हंगामांचा तो काळ छोटा आणि अपयशी असला तरी तो कोणाच्या तरी नोंदवहीत असायलाच हवा, आणि सध्या ती विनिपेगचीच आहे.

पोर्टेज रस्ता

अटलांटातून, आपले म्हणणे मला पटते. माझ्या आधीच्या प्रतिसादात थ्रॅशर्सचा उल्लेखही आला नाही, ही त्रुटी होती.

विनिपेगकर, नोंदवहीच्या बाहेर संघाने स्वतः काय केले तेही पाहा. २०१६ मध्ये संघाने आपले सन्मानदालन सुरू केले आणि त्यात पहिल्या मानाची नावे होती हल, हेडबर्ग आणि निल्सन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उघड्या मैदानावर जेट्स आणि ऑइलर्स यांच्या माजी खेळाडूंचा सामना झाला. एकीकडे ग्रेट्स्की आणि दुसरीकडे हॉवरचक. अखेरच्या क्षणी सेलानेने पेनल्टी शॉटवर गोल केला आणि आम्ही ६-५ ने जिंकलो. मी तिथे होतो. पन्नाशी ओलांडलेला हॉवरचक केस पांढरे झालेले असूनही त्याच तिरक्या ढंगाने वळत होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो कर्करोगाने गेला आणि २०२२ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. जुना अरीना २००६ मध्येच पाडला गेला, त्यामुळे त्याला पाहायला जाण्याची तेवढी एक जागा आता उरली आहे.

विनिपेगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या टिपणवहीत मी आता दोन स्तंभ केले आहेत: एकात १९७२ ते १९९६ आणि दुसऱ्यात १९९९ पासून पुढे, त्यात स्नायडरचेही नाव घातले आहे. पोर्टेज रस्ता काका, पुतळा नेमका कुठे आहे? येत्या उन्हाळ्यात आईवडील साताऱ्याहून येत आहेत, त्यांना दाखवायचा आहे.

पोर्टेज रस्ता

ट्रू नॉर्थ स्क्वेअरमध्ये, प्रेक्षागारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जाण्यापूर्वी कळवा, मीही येतो.