दोघांच्या बोटीवर स्पिनेकर की पोलवरचा जेनोआ? सल्ला हवा

सांजवारा: येत्या नोव्हेंबरात मी आणि पत्नी ४० फुटी शिडाच्या बोटीने कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून सेंट लुसियाला निघणार आहोत. सुमारे २,७०० सागरी मैलांच्या या वाटेवर ईशान्य व्यापारी वारा बहुतेक वेळ पाठीमागून येतो. बोटीवर असममित स्पिनेकर (पाठवाऱ्यासाठीचे मोठे, हलके, फुगणारे शीड) आहे आणि त्याला सॉक (शिडावरून खाली ओढून ते आवळणारी लांब कापडी नळी) आहे. परंतु रात्री पहाऱ्यावर एकच जण असताना तो आवरता येईल का, याची शंका वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दर्याकिनारा: दोघांनी रात्री स्पिनेकर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा वारा १८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असला आणि बोट ७ नॉटने त्याच दिशेला पळत असली, तर बोटीवर ११ नॉटच जाणवतो, आणि शीड उतरवण्याची वेळ टळून गेल्याचे बोट वाऱ्याकडे वळवल्यावरच कळते. त्यात या पट्ट्यातले पावसाळी झोत अंधारात पुष्कळदा केवळ रडारवरच दिसतात.

दिवसा उतरवताना बोट आणखी वाऱ्याखाली (वाऱ्यापासून दूर) न्यावी, म्हणजे स्पिनेकर मेनसेलच्या (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या) आडोशाला येऊन मरगळतो. मग शीट (शिडाचा खालचा कोपरा आवरणारा दोर) भरपूर सैल सोडावी आणि त्यानंतरच सॉक खाली ओढावा. पुष्कळ जण फुगलेल्या शिडावरच सॉक ओढू पाहतात आणि दोरासकट उचलले जातात. सॉकचा दोर डेकवरच्या कप्पीतून घेतला, तर पाय रोवून, बसल्या जागी ओढता येतो.

रात्री जेनोआ (पुढचे मोठे, गुंडाळता येणारे शीड) पोलवर (आडव्या दांड्यावर) बाहेर काढावा. पोलला वरून, पुढून आणि मागून स्वतंत्र दोर लावले की तो जागेवर राहतो, आणि झोत आल्यास एकटा माणूस कॉकपिटमधूनच शीट सोडत शीड गुंडाळू शकतो. बूमला (मेनसेलच्या खालच्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे तो अचानक पलीकडे फिरू नये म्हणून लावायचा दोर, बांधलेला हवाच.

गलबत: वरील मताशी सहमत आहे. मात्र वारा अगदी पडला की पोलवरचा जेनोआ आपटत राहतो आणि बोट असह्य डोलते. तेव्हा दिवसाउजेडी स्पिनेकरच कामी येतो. त्याचा हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) डोलकाठीच्या टोकाशी एकाच जागी घासू नये, म्हणून अधूनमधून वीतभर सैल किंवा ताठ करावा.

सांजवारा: आभारी आहे. स्पिनेकर पुढच्या स्टेभोवती (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेभोवती) गुंडाळला गेला, तर काय करावे?

दर्याकिनारा: ओढाताण केल्यास पीळ अधिकच घट्ट होतो. सावकाश जाइब करून, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून, मेनसेल दुसऱ्या बाजूला घ्यावे. त्यामागून वळणारा वारा आता उलट दिशेने फिरतो आणि बहुधा पीळ हळूहळू उलगडतो. समुद्र उसळलेला असताना डोलकाठीवर चढण्याचा विचारही करू नये.