किहीमकर आडनाव नेमकं कुठलं?

बी-२०३ : नमस्कार मंडळी. सोसायटीच्या स्मरणिकेत यंदा ‘आडनावाचं गाव’ असं एक पान ठेवलंय. पहिलं आडनाव किहीमकर. ते हिंदू की ज्यू, यावर कमिटीत दोन मतं पडली. कुणी नेमकं सांगेल का?

ए-५०१ : ताई, दोन्ही असू शकतं. ‘कर’ गाव सांगतो, जातधर्म सांगत नाही. पेणकर, नागावकर, दिवेकर ही आडनावं हिंदूंतही आहेत आणि बेने इस्राएलांतही, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंतही. किहीम म्हणजे अलिबाग तालुक्यातलं, मांडवा आणि अलिबाग यांच्या मधलं समुद्राकाठचं गाव. त्याच पट्ट्यात नवगाव आहे. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथेच फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ती मंडळी आसपासच्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. झिराडकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, पेझारकर, किहीमकर ही आडनावं या पसरण्याचा नकाशाच आहेत.

बी-२०३ : मग किहीमच्या मतदार यादीत बघून आकडा टाकू का?

ए-५०१ : तिथून सुरुवात नको. गावातल्या माणसाला गावाच्या नावाने हाक मारून ओळख पटत नाही. ‘कर’ बहुतेकदा गाव सोडल्यावर चिकटतो. त्यामुळे आडनाव दाट सापडतं ते लोक जिथे गेले तिथे. आणि यादीतली नावं मोजली तर मतदार मोजले जातात, घराणी नव्हे. घर क्रमांक आणि वडील/पतीचं नाव लावून गट पाडा, मग मोजा.

सी-१०४ : लोक कुठे गेले ते मी सांगते. अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईत यायला लागले, बरेचसे पलटणीत. मांडवीतलं शाआर हारहमीम हे त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं. ते बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचंच नाव. लोक या सिनेगॉगला ‘जुनी मशीद’ म्हणत, मशीद बंदर स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. तिथून वस्ती भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कलकडे सरकली. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली : अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना. म्हणजे आज किहीमकर शोधायचे तर ठाणे आणि अश्दोद आधी, किहीम मागाहून.

डी-३०२ : काकू, एक जोडतो. जुन्या कागदात तुम्हाला ‘सॅम्युएल एझिकिएल’ सापडणार नाही. तिथे ‘समाजी हसाजी’ असेल. सॅम्युएलचं समाजी, एझिकिएलचं हसाजी, अब्राहमचं अबाजी. हे माहीत नसलं की माणूस समोर असून हुकतो.

बी-२०३ : अरे वा, हे पानात घेतेच. आणि इंग्रजी स्पेलिंग? एका ठिकाणी के-ई-एच-आय, दुसरीकडे के-आय-एच-आय.

डी-३०२ : दोन्ही शोधायची. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर स्वतः इंग्रजी ‘ई’ लावत, म्हणजे के-ई-एच-आय. त्यांनी ग्रंथ १८९७ साली पुरा केला, छापून आला १९३७ मध्ये तेल अवीवला. म्हणून ग्रंथसूचीत ‘केहीमकर’ दिसतं. हिब्रूत गेलं की गोंधळ वाढतो, कारण तिथे ‘योद’ हे एकच अक्षर इ आणि ए दोन्हींसाठी चालतं, आणि ळ तर नाहीच. रोमन लिपीत ‘तलकर’ वाचलं तर मूळ थळकर, तळकर की टाळकर हे सांगता येत नाही. देवनागरीतला सर्वांत जुना कागद हाती येईपर्यंत गाव ठरवू नये.

ए-५०१ : अगदी. आणि आडनावावरून गावाकडे उलटं जाताना व्याकरणही लक्षात घ्या. रोहा-रोहेकर, शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ झाला. अष्टमी-अष्टमकर, पेझारी-पेझारकर, इथे ‘ई’ गळली. पण बारामतीकरमध्ये ती राहिली. त्यामुळे राजपूरकर हा राजपूरचा असेल किंवा मुरुडजवळच्या राजपुरीचा. रोमनमध्ये लिहिलं तर राजापूरचाही वाटेल. किहीमकरचं बरं आहे, मूळ शब्दाला धक्का लागलेला नाही. खरी डोकेदुखी नागावकरांची : नागाव अलिबागेत आहे, उरणमध्ये आहे, भिवंडीत आहे, थेट कोल्हापूरकडेही आहे. दिवेकरांचंही तसंच. श्रीवर्धनचं दिवेआगर आणि पुरंदरचं दिवे, दोन्हींकडे बोट दाखवता येतं. अशा वेळी शेजारची आडनावं पाहायची. सोयरीक झिराडकर, थळकर, चेऊलकरांशी असेल तर गाव अलिबागच्या पट्ट्यातलं.

सी-१०४ : कागदांबद्दल : जुन्या दाखल्यावर ‘कुलाबा’ लिहिलेलं असतं ते आपलं मुंबईचं कुलाबा नव्हे, कुलाबा जिल्हा. १९८१ पासून त्याचं रायगड झालं. यात खूप जण चुकतात आणि चर्चगेटच्या पलीकडे पूर्वज शोधत बसतात. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्याची नोंद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात मिळायची नाही. किहीम मात्र कुलाबा जिल्ह्यातच.

बी-२०३ : दप्तर म्हणजे नेमकं काय मागायचं?

सी-१०४ : तहसील कार्यालयात अभिलेख कक्षाकडे अर्ज करा : गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक कोतवाल बुक म्हणतात ती. अर्जात गाव आणि सालाचा टप्पा लिहा, ‘सर्व नोंदी’ लिहिलंत तर अर्ज पडून राहतो. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. बऱ्याच नोंदींत आडनाव नसतंच, फक्त नाव, बापाचं नाव आणि जात. तेव्हा ‘किहीमकर’ शोधू नका, समाजी-हसाजी अशी जोडी शोधा.

डी-३०२ : आणि कबरस्तान विसरू नका. दगडावर मराठी, हिब्रू, इंग्रजी तिन्ही असू शकतात. हिब्रू साल असलं तर त्यातून ३७६० वजा करा, ५६५७ म्हणजे १८९७. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ३७६१ वजा करायचे. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९. दगडाला खडू किंवा पावडर फासू नका, अक्षरं झिजतात. बाजूने तिरपा टॉर्च मारून फोटो घ्या, खोदकाम आपोआप उठून दिसतं.

बी-२०३ : तर पानावर असं जाईल : ‘किहीमकर, मूळ गाव किहीम, तालुका अलिबाग, हिंदू आणि बेने इस्राएल दोन्हींत असू शकणारं आडनाव.’ चालेल ना काका?

ए-५०१ : चालेल. खाली ‘जुना जिल्हा कुलाबा’ टाका आणि दोन्ही स्पेलिंगं. उद्या अश्दोदहून कुणी शोधत आलं तर त्याला सापडायला हवं.