पँगाँगचं पाणी खारट का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०४: जूनमध्ये लडाखला निघालोय. चिरंजीव रोज विचारतात, आसपास समुद्र नाही तर पँगाँग तलावाचं पाणी खारट कसं? सर, सांगाल का?

सी-२०१ काकू: अरे, तिथे पूर्वी टेथिस समुद्र होता ना. हिमालय वर आला आणि पाणी वरच अडकलं.

बी-४०२ सर: काकू, टेथिस होता हे खरं, पण हे पाणी त्याचं नव्हे. तो समुद्र मिटून सुमारे ५ कोटी वर्षं झाली. त्या मानाने पँगाँग अगदी अलीकडचा. शिवाय त्याच्या जुन्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. म्हणजे एकेकाळी तिथलं पाणी गोडं होतं!

ए-१०४: मग खारट झालं कशाने?

बी-४०२ सर: बाहेर जायची वाट गेली म्हणून. पूर्वी या तलावाचं पाणी पश्चिमेच्या टोकातून बाहेर वाहायचं. लुकुंग गावावरून तांगत्से गाव, पुढे श्योक नदी आणि शेवटी सिंधू. मग हवामान कोरडं पडत गेलं, बाजूच्या ओढ्यांनी दगडगोटे आणून टाकले आणि पाणी त्या वाटेच्या खाली राहिलं. आता ते जातं फक्त वाफ होऊन. नद्यांनी आणलेले क्षार मागेच राहतात, आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो तसे. म्हणूनच तिथे कुणी प्लास्टिक टाकलं की मला फार वाईट वाटतं. त्या तलावातून काहीच वाहून जात नाही हो.

डी-३०३: सगळीकडे सारखंच खारट?

बी-४०२ सर: नाही. लांबी जवळपास १३४ किमी, रुंदी अगदी कमी. तिबेटकडचं पूर्वेचं टोक बरंच गोडं आहे, आपल्याकडचं पश्चिमेचं खारट. तरी हिवाळ्यात गोठतं!

सी-२०१ काकू: उंची किती? नातवाला दम लागेल का?

बी-४०२ सर: ४,२०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६. लेहला दोन दिवस आराम करूनच पुढे जा.

ए-१०४: मुलाला तिथे नेमकं काय दाखवू?

बी-४०२ सर: पाण्याकडे पाठ करून डोंगरउतार बघायला सांग. पाण्याच्या बऱ्याच वर आडव्या रेषा दिसतील, ते जुने किनारे. आणि तांगत्सेहून जाताना लुकुंगच्या अलीकडे गाडी थांबव. ती दरी म्हणजेच तलावाची जुनी वाट.